ड्रमरचा माग काढा : गोव्यात नवं संगीत शोधायचं, ऐकायचं आणि दुसऱ्याला ऐकवायचं कसं

मी मूळची मिरजेची. सतारमेकर गल्लीच्या मागे आमचं घर. तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले बघत लहानाची मोठी झाले, आणि उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दर्ग्यात रात्रभर चालणारं गाणं आजोबांच्या मांडीवर पेंगत ऐकलं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि मडगावला येऊन राहिले, तेव्हा ‘गोवा आणि संगीत’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात दोनच चित्रं होती: एक मंगेशीचं, दुसरं समुद्रावरच्या धांगडधिंग्याचं. या दोहोंच्या मधे केवढा मोठा प्रदेश आहे हे कळायला मला तीन हंगाम लागले. तुमचा एखादा तरी हंगाम वाचावा म्हणून हे लिहिते आहे. जॅझ, इंडी आणि इलेक्ट्रॉनिक ही नावं ऐकलेली आहेत, उत्सुकता आहे, पण नेमकं कुठे जायचं आणि काय ऐकायचं हे ठाऊक नाही, अशांसाठी.

आधी कान, मग मोबाइल

नवखा माणूस पहिली चूक करतो ती ही: एखादी ‘बेस्ट ऑफ जॅझ’ छापाची दोनशे गाण्यांची यादी लावतो आणि भांडी घासायला जातो. आठवड्याने म्हणतो, सगळं सारखंच वाटतं. वाटणारच. ख्यालही कुणी असा ऐकला तर सारखाच वाटेल.

पहिले पंधरा दिवस फक्त तीन गोष्टी ऐका, पण पुन्हापुन्हा. एक जॅझची, एक इंडीची, एक इलेक्ट्रॉनिक. हेडफोन लावून, डोळे मिटून, दुसरं काही न करता. शेजारी वही ठेवा. वहीत ‘छान’, ‘भारी’ असले शब्द लिहायचे नाहीत. कितव्या मिनिटाला काय झालं, एवढंच लिहायचं. पुढे दुसऱ्याला गाणं सुचवायची वेळ येईल तेव्हा ही वही सोन्यासारखी उपयोगी पडते.

जॅझ: काफी ओळखीचा असेल तर अर्धं काम झालं

मराठी कानांना जॅझ परका नाही, फक्त त्याचं दार वेगळ्या बाजूला आहे. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम घ्या आणि त्यातलं पहिलंच ‘सो व्हॉट’ लावा. सुरुवातीला पियानो आणि बास थोडं आलापासारखं, लय न धरता काहीतरी बोलतात. मग बास एक प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन स्वरगुच्छांत उत्तर देतात. सवाल-जवाबच म्हणा.

आता गंमत. ही रचना ३२ मात्राखंडांची आहे आणि आठ-आठचे चार भाग आहेत. पहिले दोन भाग ज्या सप्तकात वाजतात त्यात गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. तिसऱ्या भागात तेच सप्तक अर्ध्या सुराने वर सरकतं, पेटीवाल्याने मधेच पट्टी चढवावी तसं, आणि चौथ्या भागात परत खाली येतं. एवढं कळलं की बाकीचं आवर्तन धरून ऐकायचं. पट्टी चढली की बोट वर करा, उतरली की खाली. चार वेळा चुकेल, पाचव्यांदा जमेल. जमल्यावर लक्षात येईल की ट्रम्पेटवाला, सॅक्सोफोनवाले आणि पियानोवाला पाळीपाळीने त्याच ३२ खंडांवर फिरताहेत आणि दर फेरीला नवीन काहीतरी सांगताहेत. दीड मिनिटाच्या सुमारास ट्रम्पेट सुरू होतो त्या क्षणी ड्रमर जिमी कॉबने झांजेवर दिलेला तडाखा ऐका. तो मला समेसारखा लागतो. शास्त्रानुसार तो सम नव्हे हे मला ठाऊक आहे. आमच्या गाणी ऐकायच्या बैठकीतल्या एका निवृत्त तबलाशिक्षकांनी त्यावरून माझी चांगली हजेरी घेतली होती.

पुढची पायरी गोव्याची. तुम्ही जुनी हिंदी गाणी ऐकलेली असतील तर गोव्याचा जॅझ तुम्ही आधीच ऐकलेला आहे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. ती लिपी वाचता येणारी मुलं पोटासाठी मुंबईला गेली, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आणि रात्री हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ म्हणजेच चिक चॉकलेट, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, तो आपल्या सी. रामचंद्रांसोबत काम करायचा. १९५१च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर राग वाजवायचे. मी जिथे भाड्याने राहते त्या बोर्ड्यात ख्रिस पेरींचा जन्म झाला. ट्रम्पेट वाजवत त्यांनी कोंकणी गाण्यात जॅझ असा मुरवला की आजही इथल्या लग्नात त्यांच्या चाली वाजल्याशिवाय रात्र संपत नाही. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी इथल्या जॅझला ‘पर्यटकांसाठीचं’ म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला हसू येतं.

इलेक्ट्रॉनिक: आधी मोजायला शिका

इथे एकच सवय लावा. गाणं सुरू झालं की मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तरी पुरे. साधारण १२० ते १२८ असेल तर बहुधा हाउस, १४० ते १५० असेल आणि सुरावट नागमोडी सरकत असेल तर ज्याला जगभर ‘गोवा ट्रान्स’ म्हणतात ते, १७० च्या पुढे गेलं तर ड्रम अँड बेस. हे ठोकताळे आहेत, कायदे नाहीत.

मग डीजेकडे लक्ष द्या. तो एका गाण्यातून दुसऱ्यात कसा जातो? बहुतेक वेळा ३२ ठोक्यांच्या हिशेबाने. पहिल्या गाण्याचा खर्ज हळूच काढून घेतो, दुसऱ्याची झांज आत सोडतो आणि मग एकदम नवा खर्ज. ज्याने शिगम्यात रोमटामेळाच्या मिरवणुकीमागे पाय दुखेपर्यंत चालून बघितलं आहे, ढोल-ताशा आणि कांसाळ्यांची ती लाट अंगावर घेतली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मला रोमट आधी भेटलं, ट्रान्स नंतर, आणि तो क्रम फार बरा होता.

गोवा ट्रान्सबद्दल एक तांत्रिक गोष्ट मला आवडते. ऐंशीच्या दशकात हणजुण-वागातोरच्या पार्ट्यांत डीजे तबकड्या वाजवत नसत. उन्हाने आणि धुळीने तबकड्या वाकायच्या. म्हणून आधी कॅसेट आणि पुढे डॅट, म्हणजे डिजिटल, टेप आल्या. टेपवर तबकडीसारखं झटपट मागेपुढे करता येत नाही, म्हणून गाणी लांबलचक वाजू लागली, सुरुवात आणि शेवट सैल ठेवले जाऊ लागले. हवामानाने संगीताचा घाट ठरवला. २०२३ मध्ये वारलेला डीजे गोवा गिल शेवटपर्यंत डॅटवरच वाजवायचा.

घरी ऐकायला सुरुवात मात्र चरणजित सिंगपासून करा. सिनेमात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ साली मुंबईत रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जग चकित झालं, कारण त्याच यंत्रांतल्या एकावर शिकागोच्या पोरांनी जे ‘अ‍ॅसिड हाउस’ घडवलं ते पाच वर्षांनंतरचं होतं. यमन, कलावती, मालकंस, सगळे तिथे आहेत. तुमच्या घरी कुणी ज्येष्ठ शास्त्रीय ऐकणारे असतील तर त्यांच्यासमोर जपून लावा.

इंडी म्हणजे काय, थोडक्यात

इंडी हा गाण्याचा प्रकार नव्हे, व्यवहाराचा प्रकार आहे. सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही, स्वतःचं स्वतः. हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने घरात बसून ‘गोवन क्रेझी’ ध्वनिमुद्रित केला आणि स्वतःच विकला. तिथून सुरू करा, मग दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या बँडकडे जा, मग मन नेईल तिकडे.

हंगाम ओळखा

ऑक्टोबर ते मार्च हा मुख्य हंगाम. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो, २०१६ पासून. नवख्यासाठी याहून चांगलं ठिकाण नाही. बहुतेक ठिकाणी आधी नोंदणी केली की काम भागतं, आणि एका संध्याकाळी शास्त्रीय, इलेक्ट्रॉनिक आणि कुणाची तरी चालू असलेली विचित्र प्रयोगशाळा असं सगळं पायी फिरून ऐकता येतं. मांडवीत बोटीवर होणारं गाणं मिळालं तर सोडू नका. फेब्रुवारीच्या सुमारास जुन्या गोव्यात, टेकडीवरच्या मोंतच्या कपेलात आणि आसपासच्या चर्चवास्तूंत मैफली होतात. त्या जॅझच्या नसतात, पण त्या भिंतींमधला आवाज एकदा ऐकलात की पुढे कुठल्याही हॉटेलच्या हॉलमध्ये तुम्हाला लगेच कळतं की इथे घुमारा खोटा आहे. ३० एप्रिल हा युनेस्कोने ठरवलेला जॅझ दिवस, २१ जून संगीत दिवस. या दोन तारखांना कुठे ना कुठे काहीतरी असतंच.

पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, बाहेरचे लोक म्हणतात गोवा बंद. मला उलट पावसाळाच आवडतो. पणजीतल्या छोट्या बंदिस्त जागांत पंचवीस-तीस माणसं, बाहेर धो-धो पाऊस, आणि वाजवणारे निवांत. हंगामात जे लोक पर्यटकांच्या फर्माइशी वाजवून कंटाळलेले असतात ते जुलैत स्वतःला आवडतं ते वाजवतात.

आणखी एक गोष्ट जी जाहिरातीत दिसत नाही. इथले उत्तम वादक लग्नांवर जगतात. कॅथलिक लग्नात जिवंत बँड हवाच. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या आणि मेच्या शनिवार-रविवारी चांगला सॅक्सोफोनवाला तुम्हाला क्लबात सापडणार नाही, तो कुठल्यातरी हॉलमध्ये वधूवरांना नाचवत असेल. जॅझ ऐकायचा तर मधले वार धरा: मंगळ, बुध, गुरू. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत सहसा लग्नं नसतात, तेव्हाही मंडळी मोकळी असतात.

ड्रमरचा माग

माहिती कुठून मिळवायची? इन्स्टाग्रामवर जागांची पानं असतात, पण जागा स्वतःची जाहिरात करते, गाण्याची नाही. ‘आज लाइव्ह म्युझिक’ एवढंच लिहितात आणि खाली कोळंबीचा फोटो. म्हणून जागांच्या मागे न लागता वादकांच्या मागे लागा. आणि वादकांतही ड्रमरच्या.

कारण साधं आहे. गाणारी बाई एका बँडची असते, गिटारवाला दोघा-तिघांचा. चांगला ड्रमर आणि चांगला बासवाला मात्र कमी असतात, त्यामुळे ते चार-पाच ठिकाणी वाजवतात. मला आवडलेल्या एका ड्रमरचं पान मी पाहू लागले आणि महिन्याभरात एक जॅझ त्रिकूट, एक कोंकणी रॉक बँड, एका निर्मात्याचा इलेक्ट्रॉनिक सेट आणि एक फादो ही पोर्तुगीज गाणी गाणारी, अशा चार दिशांना पोचले. त्याला स्वतःला ठाऊकही नाही की तो माझा वाटाड्या आहे.

कार्यक्रम संपल्यावर दोन मिनिटं थांबा. वादक वायरी गुंडाळत असतात. ‘पुढे कुठे वाजवताय?’ एवढा एक प्रश्न. वयस्क वादकांना इथे ‘अंकल’ म्हणतात, हिंदू घरातल्यांना ‘बाब’. ‘सर’ म्हटलं की ते जरा आखडतात. मी एकदा एका अंकलना, अगदी कौतुकानेच, त्यांनी वाजवलेलं कुणासारखं वाटलं ते सांगायला लागले. त्यांनी सॅक्सोफोन पुसता पुसता मान हलवली आणि म्हणाले, ‘पयलीं आयक, मागीर उलय.’ आधी ऐक, मग बोल. त्या रात्रीनंतर मी दुसरा सेट संपेपर्यंत मत देत नाही.

दैनिकांच्या स्थानिक पुरवण्या चाळत राहा, मडगावच्या रवींद्र भवनाच्या आणि पणजीच्या कला अकादमीच्या फलकासमोर अधूनमधून उभं राहा, आल्तिनोवरच्या सुनापरांत या कला केंद्राचं वेळापत्रक बघा. तिथे दारू नाही, गोंगाट नाही, आईवडिलांना घेऊन जाता येतं.

जायचं कसं, यायचं कसं

हा भाग रटाळ आहे पण हाच चुकतो. गोव्यात अंतरं नकाशावर छोटी दिसतात. मडगावहून पणजी तेहतीस-चौतीस किलोमीटर, वागातोर पन्नासच्या पुढे. कदंबाचं शटल रात्री लवकर थांबतं, जाण्याआधी शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारून ठेवा. मुंबईत असतात त्या टॅक्सी अ‍ॅपवर इथे विसंबू नका. गोवामाइल्स आहे, पण मध्यरात्री हणजुणच्या आतल्या रस्त्यावर ते मिळेलच असं नाही. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचे पायलट दिवसा उत्तम, रात्री विरळ. मी काय करते: जाताना बस, येताना आधीच ठरवलेली टॅक्सी, आणि ती तिघी-चौघींत वाटून. एकटीने जायचं असेल तर पणजी आणि मडगावपासून सुरुवात करा, किनारा नंतर. पिऊन गाडी चालवायची नाही हे सांगायला नको. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दंड हा त्यातला सगळ्यात स्वस्त परिणाम.

वेळेचं गणित कायद्याने ठरतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्याला वर्षातले काहीच दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. म्हणून उघड्यावरचे कार्यक्रम दुपारी चार-पाचला सुरू होतात आणि दहानंतरचं सगळं बंद दाराआड. काणकोणला पाळोळ्यात तर लोक हेडफोन लावून नाचतात. लांबून बघितलं तर शांत समुद्रकिनाऱ्यावर दोनशे माणसं मूकपणे उड्या मारताहेत. पहिल्यांदा बघताना मला मिरजेच्या मावशीची आठवण झाली. तिने ते पाहिलं असतं तर दृष्टच काढली असती.

माझा एक धडा ऐका. पहिल्या वर्षी एका किनाऱ्यावरच्या जागेत चारचा कार्यक्रम म्हणून साडेतीनला पोचले. आयोजकांनी पाचला साउंड चेक सुरू केला, पाहुणा कलाकार साडेआठला आला, दहाला आवाज बंद. तिकिटाचे पैसे दीड तासासाठी. आता मी तिकिटाआधी तीन गोष्टी विचारते: मुख्य कलाकार नेमका किती वाजता वाजवणार, कव्हर चार्ज खाण्यापिण्यात वळता होतो का, आणि बसायला मिळतं का. तिन्हींची सरळ उत्तरं न देणाऱ्या ठिकाणी जात नाही.

आत गेल्यावर

उभं कुठे राहायचं? आवाज सांभाळणारा माणूस जिथे टेबल मांडून बसलेला असतो त्याच्या आसपास. तो स्वतःच्या कानाला बरं वाटेल असंच जुळवणार. स्पीकरच्या पुढ्यात उभं राहणं हा शूरपणा नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरलं तर १०० डेसिबलला ती मर्यादा पंधरा मिनिटांवर येते, आणि क्लबात १०० सहज होतं. रबरी इअरप्लग पर्समध्ये टाकून ठेवा. त्यातून गाणं ऐकू येतं, उलट जास्त स्पष्ट येतं.

जॅझमध्ये एकल वादन संपलं की लगेच टाळी द्यायची रीत आहे, गाणं संपायची वाट बघायची नाही. आपण ‘क्या बात है’ म्हणतो तसंच. मात्र बासवाल्याचं एकल सुरू झालं की गप्पा सुरू करायच्या, ही जगभरची वाईट खोड आहे. ती तरी लावून घेऊ नका. फर्माइश शक्यतो करू नका. त्या एका अमेरिकन हॉटेलाच्या गाण्याची तर मुळीच नको, ते बिचारे रोज वाजवतात. बरणी ठेवलेली असेल तर तिच्यात नोट टाका.

ध्वनिमुद्रण: वीस सेकंद, फक्त स्वतःच्या आठवणीसाठी, पडदा मंद करून. जिवंत बँडचं गाणं गाणी ओळखणाऱ्या शझाम अ‍ॅपला बहुधा ओळखता येत नाही, म्हणून शब्दांची एक ओळ किंवा चालीचा तुकडा वहीत. मोबाइल वर धरून अख्खं गाणं टिपणाऱ्याच्या मागे उभं राहायची वेळ आली की मला साधारण त्याचाच फोन फादोच्या तालावर मांडवीत टाकावासा वाटतो.

घरी पोचल्यावर, कितीही झोप आली असली तरी, चार ओळी लिहा. कोण, कुठे, कोणती वाद्यं, काय लक्षात राहिलं, काय फसलं. सकाळी ‘मजा आली’ एवढंच उरतं.

आता दुसऱ्याला ऐकवायचं

इथवर आलात की तुम्हाला हे सगळ्यांना सांगावंसं वाटेल. मीही सांगितलं. ऑफिसातल्या बारा जणांना साठ गाण्यांची यादी पाठवली. दोन आठवड्यांनी विचारलं तर एकाने पहिल्या गाण्याची पहिली चाळीस सेकंदं ऐकली होती, आणि तेही चुकून.

तेव्हापासून माझा नियम: एक माणूस, एक गाणं, एक कारण. समूहाला पाठवायचं नाही, त्या माणसालाच पाठवायचं. आणि कारण त्या माणसाच्या आवडीतून काढायचं. नाट्यसंगीत आवडणाऱ्या सहकाऱ्याला मी असं लिहिलं होतं: ‘चरणजित सिंग, १९८२. मालकंस ऐक. तबल्याच्या जागी यंत्र आहे आणि ते एकदाही चुकत नाही, त्याचाच थोडा राग येतो. पण वरची सुरावट बघ कशी घसरते. दोन मिनिटांत कंटाळा आला तर सोडून दे.’ त्याने पूर्ण ऐकलं. मग शिव्या घातल्या. मग पुन्हा ऐकलं. ‘सोडून दे’ म्हणायची मुभा दिली की लोक सहसा सोडत नाहीत.

कितव्या मिनिटाला काय होतं ते सांगा. वादकांची नावं लिहा, नुसतं बँडचं नाव नको; ड्रमरचा माग काढणाऱ्या पुढच्या माणसाला ती लागतील. आवडलं नाही ते लपवू नका. ‘गायिका पहिल्या दोन गाण्यांत घाबरलेली होती, तिसऱ्यापासून मोकळी झाली’ हे वाचून माणूस पुढच्या कार्यक्रमाला जातो. ‘अप्रतिम, अवर्णनीय’ वाचून कुणी घराबाहेर पडत नाही.

दुवा कुठला पाठवता हेही महत्त्वाचं. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षाला हजारांहून कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत, आणि गोव्यातल्या छोट्या बँडची बरीच गाणी त्याच खालच्या रांगेत असतात. बँडकॅम्पवर गाणं विकत घेतलं तर कंपनी डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवते, बाकी पैशांचा व्यवहारखर्च वजा करून ते कलाकाराकडे जातात. ठरलेल्या काही शुक्रवारी तर तो वाटाही सोडते. म्हणून शक्य असेल तिथे बँडकॅम्पचा दुवा, नाहीतर बँडच्या स्वतःच्या पानाचा. कुणीतरी प्रेक्षकांतून उचललेला हलता व्हिडिओ नको.

आणि एक बैठक

निरोप पाठवण्यापेक्षा एकत्र ऐकणं कितीतरी चांगलं. वास्कोतल्या दामोदराच्या भजनी सप्ताहात चोवीस तास पार-पाळीने लोक गातात, कुणी थकलं की दुसरा धरतो. आमच्या बैठकीचा मूळ नमुना तोच, फक्त चोवीसचे अडीच तास केलेत.

महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी चार ते साडेसहा, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार नको. सहा ते आठ माणसं. जास्त झाली की गप्पा होतात. प्रत्येकाने दोन गाणी आणायची, एकही दहा मिनिटांच्या वर नको. ट्रान्सवाल्यांसाठी हा नियम मुद्दाम केला आहे. गाणं लावण्याआधी नाव सांगायचं नाही. आधी ऐकायचं, मग प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, मग नाव. तबलाशिक्षकांनी एकदा एका इलेक्ट्रॉनिक तुकड्याला ‘हा कुणी लयीचा पक्का माणूस आहे’ म्हणून दाद दिली आणि नाव कळल्यावर दहा मिनिटं गप्प बसले.

स्पीकर महागडे लागत नाहीत. दोन लागतात, एक नको. आणि ते कपाटाच्या वर न ठेवता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढे. ब्लूटूथपेक्षा वायर बरी, निदान मधेच कुणाच्या सासूबाईंचा फोन स्पीकरवर वाजत नाही. आमच्याकडे वाजला आहे. खायला भाजी-पाव, प्यायला कोकम सरबत, आणि कुरकुरीत पिशव्यांतलं काही आणायचं नाही, कारण ती पिशवी नेमकी बासच्या एकलाच्या वेळी उघडली जाते.

यादी कुणीतरी वहीत लिहून घ्यायची: तारीख, गाणं, वादक, कुणी आणलं. आमच्या वहीचं पहिलं पान गेल्या पावसाळ्यात गळक्या छताखाली भिजलं, त्यामुळे पहिल्या बैठकीत कुणी काय आणलं होतं यावरून अजून वाद आहे. पुढच्या रविवारी तो मिटवायचा आहे. तबलाशिक्षक म्हणतात, ‘सो व्हॉट’ त्यांनी आणलं होतं.